फुलचूरची भिंत आणि उदारामची दलाली

भिंत पडली तेव्हा जागेश्वरबाबूंच्या हातात छत्रीखेरीज काही नव्हतं, आणि छत्रीही मिटलेली होती. तिचं टोक त्यांनी फुलचूरच्या नंदाबाईंच्या परसातल्या मातीच्या भिंतीत हलकेच खुपसलं होतं, जाणकार माणूस बैलाच्या बरगडीत बोट खुपसतो तसं. आधी थोडी माती ओघळली. बाबूंना हुरूप आला. "आतून पोकळ आहे," असं घरातल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणून त्यांनी छत्री जरा खोल सारली, फिरवली, आणि भर रस्त्यात बैलानं बसकण मारावी तशी ती भिंत बसली. पडली म्हणणं तिच्यावर अन्याय होईल, कारण आवाजसुद्धा तिनं फारसा केला नाही. फक्त पलीकडे खाटेवर जुनं लुगडं अंथरून नंदाबाईंनी कोहळ्याच्या वड्या वाळत घातल्या होत्या, त्या लुगड्यासकट आणि खाटेसकट दिसेनाशा झाल्या. धूळ खाली आल्यावर ढिगाऱ्यामागून एक कोंबडी निघाली. तिनं बाबूंकडे एकदा नीट पाहिलं आणि चालती झाली.

पाहुण्यासाठी चहा घेऊन येणाऱ्या नंदाबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"हे कोनं केलं?" त्यांनी विचारलं. परसात दुसरं कोणीच नव्हतं. कोंबडीही गेली होती.

"बाई, भिंत जरा नरम होती," बाबू म्हणाले.

"आमच्या मालकानं बांधली होती थे. आपल्या हातानं."

इथं बाबूंनी गप्प राहायला हवं होतं. भिंत पाडूनही माणूस निभावून जातो. पण गोंदिया स्टेशनच्या पार्सल ऑफिसात फुटक्या मालाच्या तक्रारींवर 'माल मुळातच सदोष होता' असा शेरा लिहिण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हाताची सवय तोंडालाही लागते. ते म्हणाले, "तशी ती वाकडीच होती ना. आज ना उद्या पडलीच असती."

नंदाबाईंनी कपबशी परत आत नेली. आत ती ठेवल्याचा आवाज आला. मग त्या रिकाम्या हातांनी बाहेर आल्या.

"घर घुबडाले देईन, पन तुमाले नाही. निंगा."

बाबू निघाले. छत्री त्यांनी उघडली. ऊन उतरलं होतं, पण तोंड लपवायला दुसरं काही जवळ नव्हतं.

आता हे घर हातचं जाणं म्हणजे नेमकं काय जाणं, ते ज्यानं भाताच्या मिलशेजारी बिऱ्हाड केलं आहे त्यालाच कळेल. बाबूंची दीड खोली मिलच्या भिंतीला भिंत लावून होती. इंजिन सुरू झालं की फळीवरची भांडी एकमेकांशी बोलू लागत. कोंडा खिडकीतून येई, कौलांतून येई, आणि खिडकी लावून कौलं बुजवली तर कुठून येई ते कळत नसे. चहात कोंडा, वरणात कोंडा, देवाच्या गंधातही कोंडा. शकुंतलाबाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "होळीपर्यंत दुसरं घर नाही पायलं, तर मी माहेरी चालली. तुमी राहा कोंड्यात." आणि शकुंतलाबाई सहसा बोलत नसत, त्यामुळे बोललेलं त्यांच्या लक्षात राहत असे.

घरं बरीच पाहून झाली होती. जवळच्या कुडवा गावातलं पाहिलं, गोंदियातली पाहिली. पण फुलचूरचं घर पाहिल्यावर बाबूंना रात्री झोप येईना. विहीर गोड, मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड दारात, आणि श्वास घेतला तर आत फक्त हवा येत होती. नंदाबाईंचा मुलगा सुखराम भिलाईच्या नव्या कारखान्यात लागला होता, होळीच्या आधी तो आईला न्यायला येणार होता, म्हणून घर विकायचं होतं. एक बिडीवाला ठेकेदारही त्यावर टपून होता, तेंदूपत्त्याचं गोदाम करायला. म्हणजे बाबूंना वेळ फार नव्हता.

मग बाबू एकटे का गेले? दलाली वाचवायला.

घर दाखवलं होतं उदारामनं. हा उदाराम मूळचा बैलबाजारातला दलाल. स्वातंत्र्य आलं, गोंदियात सिंधी दुकानदार आले, मिली वाढल्या, रेल्वेचे लोक वाढले, आणि गावाला बैलांपेक्षा खोल्यांची गरज जास्त पडू लागली. उदाराम बैलांवरून घरांवर आला, पण येताना काठी, खांद्यावरचा दुपट्टा आणि भाषा त्यानं बदलली नाही. नवं घर त्याच्या लेखी कोवळ्या बैलासारखं 'दोन दाती'. चुना लावायचा राहिला असला तर 'खरारा केला का चमकन'. फुलचूरच्या घराबद्दल तो म्हणाला होता, "तोंड उगवतीले, शेपटीकडं विहीर, पाठ मजबूत. मागच्या पायात थोडं लंगडते, पन मारकं नाही."

उरलेला दिवस तो स्टेशनसमोरच्या कडुनिंबाखाली, चुन्नीलालच्या पानठेल्याला टेकून काढत असे. तो तिथं उभा राहून काय करतो हे विचारायची सोय नव्हती, कारण तो काहीच करत नाही हे दिसत होतं. आणि हा माणूस सौदा झाला की घेणाऱ्याकडून शेकडा दोन आणि देणाऱ्याकडून शेकडा दोन मागत असे.

बाबूंच्या डोक्यात हे बसेना. जगातल्या कुठल्याही आकारणीचा हिशेब त्यांना ठाऊक होता तो दोन गोष्टींचा: वजन किती आणि अंतर किती. उदारामनं उचललेलं वजन म्हणजे त्याची काठी. अंतर म्हणजे स्टेशन ते फुलचूर, तेही बाबूंच्याच पैशानं रिक्षातून. बाबूंनी एक दिवस कामाच्या कागदामागं हिशेब करून पाहिला होता की खुद्द उदारामला पोत्यात शिवून पार्सलनं फुलचूरला पाठवलं, नाजूक मालाचा जादा आकार लावला आणि परतीचं भाडंही धरलं, तरी त्याच्या दलालीच्या जवळपास जात नाही. मग हा घेतो कशाचे? घरात गेला, भिंतीवर बैलाची पाठ थोपटावी तशी थाप मारली, ओट्यावर बसला, नंदाबाईंच्या मुलाची खुशाली विचारली, चहा प्याला. हे तर कोणीही करील.

एक गोष्ट मात्र बाबूंनी टिपून ठेवली होती. कुडव्याच्या घरात उदारामनं काठीचं टोक भिंतीत खुपसलं होतं आणि नुसतं "हं" म्हटलं होतं. त्यासरशी घरमालकाचा चेहरा उतरला होता आणि मागोमाग भावही. युक्ती सोपी होती. काठी बाबूंकडे नव्हती, छत्री होती.

घरी येऊन बाबूंनी सगळं सांगितलं. वड्यांचं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

"भिंतीसंग तुमचं काय भांडन होतं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"भांडण नव्हतं गं. भाव उतरवत होतो."

"उतरली ना मंग. भिंत." त्यांनी चहाच्या कपातला कोंडा बोटानं काढून त्यांना दाखवला. "जा उदारामजीकडं. जेवन आल्यावर."

उदाराम ठेल्याला टेकूनच होता. बाबू काही बोलायच्या आत त्यानं छत्रीकडे पाहिलं. टोकाला माती होती.

"गेलते ना फुलचूरले?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सारेच जातेत गा. एकडाव एकटे जातेतच. त्याच्याबिगर गिऱ्हाईक पिकत नाही." उदाराम जराही रागावला नव्हता, आणि बाबूंना तेच जास्त लागलं. "कोनी भांडून येते, कोनी दुप्पट भाव बोलून येते. एक वकील तर मालकाच्या कुत्र्याले लाथ मारून आला. तुमी काय करून आले?"

बाबूंनी सांगितलं. उदारामनं पान चघळणं थांबवलं. चुन्नीलालचाही चुना लावणारा हात थांबला.

"भिंत पाडून मात्र अजून कोनी आलं नव्हतं," उदाराम म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आदर होता.

"जुळेल का आता?"

"पाहू. दलाली तेच, शेकडा दोन. भिंतीचे अलग नाही घेत."

दुसऱ्या दिवशी दोघं फुलचूरला गेले. घराच्या अलीकडे तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग होता. उदारामनं बाबूंना त्यामागं बसवलं.

"कायबी ऐकू आलं तरी उठाचं नाही. खोकलाचं बी नाही."

"मी इथं बसून काय करू?"

"ऐका. तेवढंच काम आहे तुमाले."

आणि उदाराम जाऊन ओट्यावर बसला. नंदाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ नुसता सुपाचा आवाज आला.

"वैनी, त्या पार्सलबाबूनं भिंत पाडली म्हनते."

"तूच आनला होता त्याले."

"माझीच चुकी. पारखून आनाले पायजे होता. असा बैल असता तर मी बाजारात बी नेला नसता."

तणसामागं बाबूंचे कान तापले.

"मालकाच्या भिंतीले वाकडी म्हनते थो," नंदाबाई म्हणाल्या.

"त्याचंच डोस्कं वाकडं. पार्सल हावड्याचं रायते, हा जबलपूरले धाडते. साऱ्या टेशनाले माहीत आहे."

हे एकदाच झालं होतं, आणि चूक शिक्का मारणाऱ्याची होती. बाबू अर्धे उठले. तणस कानात गेलं, तसे बसले.

"त्याची बायको बी त्याले सोडून चालली," उदाराम पुढं म्हणाला.

सुपाचा आवाज थांबला. "काऊन?"

"मिलच्या बाजूले रायतेत ना. वरनात कोंडा, पान्यात कोंडा. थे माउली लुगड्याच्या पदरातून गाळून पानी पिते. म्हनाली, होळीपर्यंत घर पाहा. अन हा काय करते? घर पाहाचं सोडून भिंती पाडत फिरते."

"बाई कशी आहे?"

"बाई लाख आहे. वड्या अशा घालते का पाहून घ्या. पन भोगन आता. असा नवरा केला तर भोगाच लागन."

"तिनं थोडीच केला गा. बापानं करून देल्ला असन."

"कोनंबी करून देवो. तुमी नका देऊ घर. ठेकेदाराले द्या, मोकळे व्हा. थो पत्त्याचे बोरे भरन. गाडी फिरवाले जागा पायजे म्हनून मुनगा तोडन, चूल उखडून फेकन. आपलं काय जाते? तुमी तवा भिलाईले असान."

तांदळातला एक खडा नंदाबाईंनी दूर फेकला, तो ढिगापर्यंत आला.

"दिसाले तर इतका बेकार नाही दिसत थो बाबू," त्या म्हणाल्या.

"दिसत नाही, पन आहे."

"मानूस चुकते गा उदाराम."

"वैनी, तुमी त्याची बाजू काऊन घेऊन रायल्या?"

"मी कोनाची बाजू नाही घेत. मी म्हनतो, ज्यानं पाडली त्यानं बांधावी. आपल्या हातानं. मालकानं बांधली होती तशी."

"तशी म्हंजे?"

नंदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तशीच," त्या म्हणाल्या.

नेमकं तेव्हाच तणस बाबूंच्या घशापर्यंत पोचलं. त्यांनी दाबून धरलेला खोकला निम्मा नाकातून बाहेर आला.

"कोन आहे गा तनसीमागं?"

उदारामनं मान वळवूनही पाहिलं नाही. "बैल असन," तो म्हणाला.

बाबूंनी रजा काढली. पायजमा गुडघ्यावर घेऊन ते खड्ड्यात उतरले आणि मातीत तणस घालून तुडवू लागले. रस्त्यानं बाजाराला जाणारी माणसं थांबू लागली. ज्यांच्या मालावर बाबूंनी वर्षानुवर्षं शेरे लिहिले होते, त्यातले दोघेतिघे तर परत फिरून आपल्या घरच्यांना घेऊन आले. पलीकडे नव्या खाटेवर शकुंतलाबाई आणि नंदाबाई किसलेला कोहळा आणि वाटलेली उडदाची डाळ घेऊन बसल्या होत्या. सकाळी त्या एकमेकींना "बाई" म्हणत होत्या. दुपारपर्यंत नवऱ्यांची निंदा सुरू झाली होती, म्हणजे मैत्री पक्की.

उदाराम मुनग्याखाली बसून पान खात होता. तो एवढंच करत होता, आणि चिखलात उभे असलेले बाबू दर फेरीला त्याच्याकडे पाहून मनात म्हणत होते, शेकडा दोन.

भिंत कंबरेइतकी आली तेव्हा बाबू खूष झाले. त्यांनी दोरी ताणून ती बांधली होती. पार्सल ऑफिसातल्या रकान्यासारखी सरळ.

नंदाबाई उठून आल्या. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"हे नाही."

"काय नाही?"

"इतं पोट होतं तिले." त्यांनी हातानं हवेत दाखवलं. "अन तिकून झुकली होती. विहिरीकडं."

"बाई, ती चूक होती. मी सुधारली."

उदारामनं मुनग्याखालून काठी जमिनीवर आपटली. बाबूंनी त्याच्याकडे पाहिलं, नंदाबाईंकडे पाहिलं, आणि भिंतीचा वरचा भाग काढायला घेतला.

सरळ भिंत दोरीनं बांधता येते. वाकडी बांधायला दोरीचा उपयोग नसतो, बाजूला उभं राहून सांगणारं माणूस लागतं. "जरासं बाहीर. नाही, इतकं नाही. मालकाचा हात इतं थकला होता, मंग तो तमाखू खाले बसला होता, म्हनून इतून खाली घसरली." मालक, म्हणजे त्यांचा गेलेला नवरा केवळराम, कुठं बसला, कुठं चिडला, कुठं पाऊस आला म्हणून लवकर उरकलं, ती सगळी भिंत नंदाबाईंना पाठ होती. बाबू पोट काढत होते, उतार देत होते, पुन्हा पोट काढत होते. कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या मालातले दोष लिहिणारा माणूस आता एकेक दोष जपून पुन्हा घालत होता.

उन्हं कलायला आली तेव्हा नंदाबाई मागं सरल्या. पदरानं त्यांनी हात पुसले, हात कोरडेच होते तरी.

"हो," त्या म्हणाल्या. "तशीच."

आणि त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कपबशी त्याच दिवसाची होती, जी परत आत गेली होती.

मग सौदा. बैलबाजारात भाव बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली दलालाच्या हाताची बोटं धरायची, आकडा त्यातच कळतो, बाजूच्याला कळत नाही. उदाराम घरांचा सौदाही तसाच करी. बाबूंनी त्याची बोटं धरायची. नंदाबाई परक्या माणसाचा हात कसा धरतील? म्हणून त्यांच्यासाठी तो दुपट्ट्याखाली काठी सरकवी, त्या काठीवर बोटं दाबत, आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला उदारामला ती मोजता येत.

बाबूंनी बोटं धरली. उदारामनं तोंड वाकडं केलं, जाऊन काठी पुढं केली, परत आला, मान हलवली. बाबूंनी एक बोट वाढवलं. उदाराम पुन्हा गेला. ओट्याच्या या टोकाला बाबू पुटपुटले, "गळा कापता तुम्ही, उदारामजी." त्या टोकाला नंदाबाई म्हणाल्या, "पोटावर पाय देतेस तू उदाराम, मालक असता तर तुले उभा केला नसता." दोघांच्या मध्ये उदाराम दोन्हीकडून बोलणी खात होता आणि पान चघळत होता. बाबूंना नंदाबाईंनी काय मागितलं ते कधी कळलं नाही, नंदाबाईंना बाबू किती खाली अडले होते ते कळलं नाही. मध्येच नंदाबाई म्हणाल्या, "बाबू, चहा घ्या ना अजून," आणि बाबू म्हणाले, "आधी तुम्ही घ्या, तुम्ही दिवसभर उन्हात होता." उदारामला चहा कोणीच विचारला नाही.

शेवटी त्यानं दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि आकडा मोठ्यानं सांगितला. दोघांनीही तो ऐकून एक सुस्कारा टाकला आणि दोघांनीही उदारामकडे रागानं पाहिलं.

रजिस्ट्री झाली. होळीच्या आधी सुखराम आईला न्यायला आला. नंदाबाईंचं सामान बाबूंनी स्वतः तोललं, स्वतः बिल्टीची पावती केली, आणि वड्यांच्या डब्यावर 'नाजूक माल' असं दोन ठिकाणी लिहिलं. गाडी हलताना नंदाबाईंनी खिडकीतून शकुंतलाबाईंचा हात धरला आणि बाबूंना सांगितलं, "भिंतीले लिंपाचं ध्यान ठेवजा. सरळ नका करजा."

गाडी गेली. बाबू पार्सल ऑफिसात आले तर उदाराम तिथंच होता. बसायला दुसरं काही न सापडल्यामुळे तो वजनकाट्यावर बसला होता, काठी मांडीवर आडवी घेऊन. काट्याची सुई त्याचं वजन दाखवत होती. बाबूंनी सवयीनं ती वाचली.

शकुंतलाबाईंनी सकाळीच पैसे मोजून, रुमालात बांधून नवऱ्याच्या खिशात घातले होते, वर सांगितलं होतं, "घासाघीस नका करजा." बाबूंनी रुमाल काढला. पण तो हातातून सुटेना. घर मिळालं होतं, कालचा चहा स्वच्छ होता, मन आनंदात होतं, तरी हिशेब बसत नव्हता आणि हिशेब न बसता बाबूंनी आजवर काहीच रवाना केलं नव्हतं.

"उदारामजी, दलाली देतो. नाही म्हणत नाही. पण एक सांगा मला. भिंत मी बांधली. वड्या हिनं घातल्या. कशी बांधायची ते नंदाबाईंनी सांगितलं. तुम्ही झाडाखाली बसून पान खाल्लं. मग शेकडा दोनाचं तुम्ही केलं तरी काय?"

उदाराम काट्यावरून उतरला. सुई शून्यावर गेली. त्यानं बाबूंच्या हातातून रुमाल घेतला, दुपट्ट्याच्या टोकाला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाला, "बिनादलालीचे गेलते, तवा भिंत पडली ना बाबू."